कुणाच्या नकळत?

दोषारोप वाचून झाला की न्यायाधीश आरोपीला एकच प्रश्न विचारतात, गुन्हा कबूल आहे का. नमुन्यात उत्तराला जागा एकाच शब्दाची असते, कबूल किंवा नाकबूल. जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या न्यायालयात मी टंकलेखक म्हणून लागलो, त्यानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या उन्हाळ्यातली गोष्ट. पिंजऱ्यात पन्नाशीचा एक शेतकरी उभा होता. बांधावरून धाकट्या भावाशी भांडण, काठी, डोक्याला तीन टाके. साहेबांनी विचारलं, "कबूल आहे?"

"हात उठला जी."

"म्हणजे मारलंत ना?"

"हात उठला मपला."

"कबूल की नाकबूल, तेवढं सांगा."

"उठला म्हनलं ना साहेब. आता उठल्याला नाही कसं म्हनू?"

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. त्याच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. साहेब मात्र हसले नाहीत. थोडं थांबून मला म्हणाले, "नाकबूल लिहा." दुपारी चेंबरमध्ये सह्या घेताना मी विचारलं, तर त्यांनी समजावून सांगितलं. कबुली असेल तर ती स्वच्छ पाहिजे. जिच्यातून दोन अर्थ निघतात, ती कबुली धरता येत नाही. मग चहाचा घोट घेऊन म्हणाले, "पण खोटं बोलत नव्हता हो तो."

त्या वाक्यानं माझी झोप गेली, असं म्हणणं जास्तीचं होईल. पण घरी जाताना एसटीत मी ते दोन्ही प्रकार पुन्हा पुन्हा म्हणून पाहिले. मी हात उगारला. माझा हात उठला. पहिल्यात करणारा मी आहे. दुसऱ्यात हातच कर्ता झालाय आणि मी नुसता त्याचा मालक उरलोय. शेतकरी शिकलेला नव्हता, पण नेमकं काय घडलं ते त्यानं व्याकरणात बसवून सांगितलं होतं.

मी तेव्हा मराठी घेऊन बी. ए. झालेला, मिनिटाला शंभर शब्दांची लघुलेखनाची परीक्षा दिलेला आणि कथा लिहायचं वेड लागलेला मुलगा होतो. मराठीचं व्याकरण आपण शाळेत मार्कांसाठी शिकतो आणि सोडून देतो. भावकर्तृक क्रियापद, मला मळमळतं, उजाडलं, सांजावलं, एवढं पाठ असतं. पण माणसाच्या हातून त्याच्या मर्जीशिवाय जे होतं, त्यासाठी या भाषेनं केवढी सोय करून ठेवली आहे, हे मला कोर्टात बसून कळलं. हसणं वेगळं, हसू येणं वेगळं, हसू फुटणं आणखी वेगळं. पाहिलं आणि दिसलं, ऐकलं आणि ऐकू आलं. तहान लागते, झोप लागते, ठसका लागतो, आपण यातलं काहीच लावून घेत नाही. अंबडला मत्स्योदरीच्या नवरात्रात बाईच्या अंगात 'येतं'. काय येतं, कोण येतं, ते वाक्य सांगत नाही आणि सांगायची गरजही कुणाला वाटत नाही.

जोडक्रियापदांची गंमत तर साक्षीदारांकडूनच शिकावी. "मी बोलून गेलो" आणि "मी सांगून टाकलं" यांच्यामध्ये अख्खा माणूस उभा असतो. पहिला पस्तावलेला असतो, दुसरा मोकळा झालेला. "करून बसला" म्हटलं की पुढची उस्तवार डोळ्यांसमोर येते. आणि कागदावर? "मी असे सांगितले." "मी असे केले." जबानी प्रथमपुरुषी, सरळ, निवेदनाच्या रूपात घ्यायची रीत असते. साहेब साक्षीदाराचं बोलणं ऐकून त्याचं वाक्य करून मला सांगत आणि मी ते थेट यंत्रावर उतरवत असे. त्या दोन पावलांमध्ये 'गेलो', 'बसलो', 'टाकलं' ही शेपटं गळून पडत. यात कुणाची चूक नव्हती. कायद्याला कर्ता लागतो. करणारा कोण हे ठरल्याशिवाय पुढे सरकता येत नाही.

एक कलम मात्र मला फार आवडे. फौजदारी प्रक्रिया संहिता १९७३, कलम २८०. साक्षीदार साक्ष देत असताना त्याच्या वागण्यात न्यायाधीशाला महत्त्वाचं असं काही दिसलं, तर त्यानं ते नोंदवावं, असं ते सांगत असे. म्हणजे घाम, चाचरणं, नजर चुकवणं. इतक्या वर्षांच्या नोकरीत अशा नोंदी मी फार थोड्या टाइप केल्या. "साक्षीदार रडू लागल्याने पाणी देण्यात आले," ही त्यातल्या त्यात वारंवार येणारी. न्यायाधीश जपून असतात, आणि ते बरोबरच आहे. घाम खोटेपणामुळे आला की पंखा बंद पडल्यामुळे, कुणी सांगावं? पण जे कागदावर जात नव्हतं ते कुठेतरी जायला हवं, असं मला वाटे. माझ्या शॉर्टहँडच्या वहीची शेवटची दहा-बारा पानं त्यासाठी राखून ठेवली होती. हलकी रेघ, दाट रेघ, कुणाला वाचता येण्याची भीती नाही.

त्या बांधाच्या खटल्याचीच पानं सांगतो. धाकटा भाऊ फिर्यादी. फिर्यादीत लिहिलेलं होतं, 'माझ्या बांधावरील बाभळीचे झाड आरोपीने तोडले.' सगळा वाद 'माझ्या' या शब्दाचा. सरतपासात सरकारी वकिलांनी विचारलं, बाभूळ कुठली? तो म्हणाला, "ती बाभूळ आपल्या बांधावरची." बोलताना तोंड साहेबांकडे होतं, पण डोळे पिंजऱ्याकडे गेले होते. आता इतर कितीतरी भाषांना जे एकाच शब्दात उरकावं लागतं, तिथे मराठीला दोन शब्द आहेत. 'आमच्या' म्हणाला असता तर समोरचा भाऊ बाहेर राहिला असता. 'आपल्या' म्हटल्याबरोबर तो आत आला. आरोपीच्या वकिलांचे कान तिखट. उलटतपासात त्यांनी लगेच धरलं, "म्हणजे बांध सामाईक आहे, हे खरं?" फिर्यादी दचकला. "खोटं आहे. बांध मपला एकट्याचा." तेवढं कागदावर गेलं. वकिलांना त्या शब्दात मालकी ऐकू आली, मला भाऊ ऐकू आला. आणि तो बोलणारा? त्याला त्यातलं काही ऐकू आलं असेल, असं वाटत नाही.

मग आई आली. हिरवं लुगडं, हातात पिशवी. तिनं भांडण पाहिलं होतं असं पोलिसांच्या कागदात होतं. इथे तिनं सांगितलं, मी काही पाहिलं नाही, मला दोघं सारखेच. सरकारी वकिलांनी तिला फितूर जाहीर करायची परवानगी मागितली, ती मिळाली. मग प्रश्नांची सरबत्ती झाली. "नाही जी," "ठाव नाही जी," एवढंच. मी बसायचो तिथून तिचे हात दिसत होते. पदराच्या टोकाचा उसवलेला काठ होता, त्यातला एकेक दोरा ती ओढत होती आणि कठड्यावर ठेवत होती. अर्धा तास. ती उतरून गेली तेव्हा कठड्यावर हिरव्या दोऱ्यांची एवढीशी गुंडी राहिली होती. पुढचा साक्षीदार यायच्या आत शिपायानं फुंकर मारून ती उडवली. फितूर हा शब्द मी टाइप केलेला होताच.

पुढे काही महिन्यांनी भावांनी तडजोड केली. त्याचं विशेष काही नाही, बरेचसे बांध तसेच मिटतात.

मी त्यावर कथा लिहिली. कोर्टातल्या माणसाला कथा लिहायला वेळ पुष्कळ असतो, पुकारा होईपर्यंत. आमच्या जालन्यात जन्मलेले भारत सासणे प्रशासकीय नोकरी करता करता दीर्घकथा लिहीत होते, पुढे २०२२ साली उदगीरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यामुळे फाइलींतून कथा निघते यावर माझा विश्वास होता. अडचण अशी झाली, की मला ते दोरे पुरेनात. मी त्यांच्या गाठी केल्या. थोरल्याचं नाव निघालं की आई पदराला गाठ मारते, धाकट्याचं निघालं की ती सोडते, असं लिहिलं. वाचकाला कळलं नाही तर, म्हणून प्रत्येक ठिकाणी 'नकळत' घातलं. तिनं नकळत गाठ मारली. तिच्या डोळ्यांत नकळत पाणी तरळलं. त्याचा हात नकळत कपाळाकडे गेला. कथा एका दिवाळी अंकाला पाठवली.

परत आली, पण शिसपेन्सिल लावून आली, हे माझं नशीब. संपादकांनी प्रत्येक 'नकळत'भोवती गोल केला होता. अकरा गोल. पहिल्या गोलाशेजारी लिहिलं होतं, 'कुणाच्या नकळत?' पुढच्या दहांपाशी नुसतं प्रश्नचिन्ह. शेवटच्या पानावर दोन ओळी होत्या. त्यांचा आशय असा, की तुम्ही त्या बाईच्या मनात बसून गोष्ट सांगताय, आणि तिला जे कळत नाही तेही तुम्हीच सांगताय. एक जागा धरा.

मला राग आला. दोनेक वर्षं मी काही लिहिलं नाही. पण तो प्रश्न खरा आहे, आणि हे ज्याला लिहायचंय त्याला कधी ना कधी तो भेटतोच. पात्राच्या आत शिरलं तर पात्राला जे ठाऊक नाही ते दिसत नाही. बाहेर उभं राहिलं तर हात दिसतात, पण ते कशानं हलताहेत ते दिसत नाही. 'नकळत' म्हणजे आत आणि बाहेर दोन्हीकडे एकेक पाय ठेवून उभं राहायची युक्ती, आणि तसं फार वेळ उभं राहता येत नाही.

मग वाचन त्या नजरेनं सुरू झालं. बा. सी. मर्ढेकरांची 'रात्रीचा दिवस' १९४२ची. मनात जे जसं येतं तसं, न निवडता कागदावर आणायचं, हा संज्ञाप्रवाहाचा प्रयोग मराठीत त्यांनी हिमतीनं केला. त्यांच्या धाडसाबद्दल आदर आहे, पण माझी अडचण त्यानं सुटली नाही. आतल्या वाहत्या धारेत शब्दच शब्द असतात. हात नाहीसे होतात. आणि ज्या गोष्टीला शब्दच सुचलेला नसतो, ती त्या धारेत येणार कशी? नेणीव हा शब्द आपल्याकडे जांबच्या रामदासांपासून आजच्या मानसशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांपर्यंत चालत आलाय. जांब आमच्याच जिल्ह्यातलं, घनसावंगी तालुक्यातलं. शब्द आहे, पण त्या शब्दाच्या आत जाऊन लिहिता येत नाही. नेणिवेचं वर्णन करायला गेलं की ती जाणीव होऊन बसते.

उलट बाजूला व्यंकटेश माडगूळकर. 'बनगरवाडी' (१९५५) मी कितीदा वाचली असेल. तरुण मास्तर सांगतो, आणि त्याला जेवढं दिसतं तेवढंच सांगतो. धनगराच्या मनात काय चाललंय, याबद्दल तो फारशी मखलाशी करत नाही. माझ्यासारख्या, खुर्चीवरून फक्त हात दिसणाऱ्या माणसाला ती जागा ओळखीची वाटली.

पण खरा गुरू भेटला तो आणखी सातशे वर्षं मागे. भोकरदन तालुक्यात जाळीचा देव आहे, महानुभावांचं मोठं स्थान. तिथे एका पक्षकाराबरोबर गेलो होतो. तिथून आल्यावर म्हाइंभटांचं 'लीळाचरित्र' आणि पुढे त्यांचंच गोविंदप्रभूंचं चरित्र मुळातून वाचायला घेतलं. मराठी गद्याची सुरुवात जिथे मानतात, तिथेच हा माणूस बसलेला आहे. त्याचं काम ऐकीव गोष्टी गोळा करण्याचं. कुणी एक आठवण एका तऱ्हेनं सांगितली, दुसऱ्यानं दुसऱ्या तऱ्हेनं, तर तो दोन्ही ठेवतो. साक्षीपुराव्याची इतकी चाड नंतरच्या चरित्रकारांनाही राहिली नाही. आणि गोविंदप्रभू! रिद्धपूरचे राऊळ. स्वतःशीच बोलतात, मध्येच हसतात, कुणाच्याही घरात शिरतात, वस्तू हाताळतात, टाकून देतात. भक्तांच्या लेखी ते परमेश्वराची लीळा, गावातल्या काहींच्या लेखी वेड. म्हाइंभट यातलं काही समजावत बसत नाही. केलं, म्हणाले, गेले. क्रियापदं नुसती एकापुढे एक. राऊळांना त्यातलं काय कळत होतं आणि काय नाही, हा प्रश्नच तो आपल्या अंगावर घेत नाही. वाचताना मला सारखं वाटत होतं, की हा आमच्या खात्यातला माणूस आहे.

असा आणखी एक भेटला, 'मॅकबेथ'मध्ये. शिरवाडकरांचं 'राजमुकुट' कॉलेजात वाचलं होतं. नंतर शेक्सपिअरचा मूळ पाचवा अंक धडपडत वाचला. राणी झोपेत चालते आणि हात धुतल्यासारखे चोळते, हे सगळ्यांना माहीत असतं. माझं लक्ष बाजूला उभ्या असलेल्या दोघांकडे गेलं. दासी वैद्याला सांगते, की बाईसाहेब झोपेत जे बोलल्या ते मी सांगणार नाही, कारण माझ्या बोलण्याला साक्षीदार नाही. आणि वैद्य म्हणतो, की तिच्या तोंडून जे निघेल ते मी लिहून घेतो. टिपण घेणारा! झोपेत हात चोळणारी बाई नाटकात एकटीनं दाखवता आली असती. पण शेक्सपिअरनं दोन पाहणारे आणून ठेवले, कारण तिला जे कळत नाही ते कळायला कुणीतरी जागं पाहिजे. संपादकांच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या प्रवेशात मिळालं.

आपल्या जुन्या लोकांनी तर या गोष्टींची यादीच करून ठेवली आहे. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. भरताच्या नाट्यशास्त्रातले आठ सात्त्विक भाव, ज्ञानेश्वरांनीही ज्यांना मान दिला ते. भरताचं म्हणणं असं, की मन तिथे नसेल तर नटाला हे नुसत्या अंगानं करून दाखवता येणार नाहीत. कलम २८०लाही हाच भरवसा होता. माझा अनुभव विचाराल तर आठांपैकी रोमांच माझ्या खुर्चीवरून कधी दिसला नाही आणि ट्यूबलाइटखाली सगळ्यांचंच वैवर्ण्य झालेलं असतं. विनोद सोडा. यादीची खरी अडचण अशी की ती पाठ झाली. पायाखालची वाळू सरकते, काळजात धस्स होतं, ओठ थरथरतात, डोळ्यांच्या कडा पाणावतात. ही नाणी इतकी घासली गेलीत की त्यांच्यावरचा छाप दिसत नाही. कोर्टात मी कुणाचे ओठ थरथरताना पाहिलेले नाहीत. एकजण खिशातलं एसटीचं तिकीट घडी घालून घालून हरभऱ्याएवढं करत होता, हे पाहिलंय. एका बाईनं नवऱ्याविरुद्ध साक्ष देता देता त्याच्या सदऱ्याचं बटण तुटलंय हे शिपायाला खुणेनं दाखवलं, हेही पाहिलंय.

निवृत्त झाल्यावर जालन्यात एका वाचनालयात शनिवारी आठ-दहा मुलंमुली जमतात, त्यांच्याबरोबर बसतो. शिकवतो म्हणणं धाडसाचं. एकच नियम आहे, 'नकळत', 'अभावितपणे', 'अनाहूतपणे' हे शब्द वापरायचे नाहीत. मुलं वैतागतात. एकदा विषय दिला होता, आईचे हात. बदनापूरकडची एक मुलगी आहे, तिची आई बियाण्याच्या प्लॉटवर जाते. जालना बियाण्याचं गाव, १९६४ साली इथे महिको ही बियाण्याची कंपनी सुरू झाली, आणि पुढे कापसाच्या संकरित बियाण्याचं काम इकडच्या बायकांच्या बोटांना माहीत झालं. दुपारनंतर मादी झाडाच्या कळीतलं नराचं अंग नखानं सोलून काढायचं, खूण करून ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नर फूल तोडून त्याचे परागकण त्या कळीच्या टोकाला चोळायचे. दिवसाकाठी कितीतरी शेकडा कळ्या. जोरात चोळलं तर कळी गळते, हलकं चोळलं तर बी भरत नाही. मुलीनं पहिल्यांदा लिहून आणलं, की आई झोपेतही नकळत चोळल्यासारखी बोटं हलवते. मी गोल केला. सवयच ती. पुढच्या शनिवारी तिनं नवं आणलं. त्यात आई झोपलेली आहे, धाकटा भाऊ शेजारी जागा आहे. आईचा अंगठा तर्जनीवर फिरतोय. भावाला वाटतं तिनं हातात काहीतरी धरलंय. तो तिची मूठ सोडवून पाहतो. काही नसतं. तो परत मूठ मिटवून ठेवतो.

मी पेन्सिल खाली ठेवली. "मूठ मिटवून का ठेवली गं त्यानं?" मी विचारलं.

"काय माहीत सर, ठेवली," ती म्हणाली.

तो दोऱ्यांचा प्रसंग मी अजून नीट लिहिलेला नाही. एवढ्या वर्षांत चारदा लिहिला. एकदा शिपायाच्या नजरेनं लिहिला, तो त्यातल्या त्यात बरा झालाय, कारण शिपायाला ते दोरे म्हणजे कचरा आहे, याहून जास्त काही वाटत नाही.

आणि एक राहिलं. वडील गेले तेव्हा मी नोकरीतच होतो. दहाव्याला नदीवर सगळे जमले होते. माणसं येत होती, वडिलांविषयी बोलत होती, मी मान हलवत होतो. पिंडाला कावळा शिवायला वेळ लागला. मग कुणी म्हणालं त्यांचं अमुक राहिलं असेल, कुणी म्हणालं तमुक. रात्री घरी आल्यावर बायको म्हणाली, "अहो, तुम्ही तिथे काय लिहीत होतात?"

"मी? कुठे?"

"मांडीवर. बोटानं. सगळे बोलत होते तेव्हा तुमचं बोट चालू होतं. मी दोनदा हात धरला."

तिनं हात धरल्याचंही मला आठवत नव्हतं. कुणाचं बोलणं मी उतरवून घेत होतो, गुरुजींचं, काकांचं, की भलत्याच कुणाचं, ते कळावं म्हणून मी तिला विचारलं, काय लिहीत होतो गं?

"मला काय तुमची ती लिपी येते?" ती म्हणाली, आणि दिवा मालवायला उठली.